फक्त कामासाठी

"काका, टेपचं टोक त्या भिंतीला घट्ट धरा," हिशेबनीस म्हणाली. म्हाताऱ्या इतिहासकाराने वाकून ते भिंतीला टेकवलं. ती टेप ओढत मागे मागे सरकली आणि तिची पोटरी पलंगावर आपटली.

या खोलीत पलंग असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. टेबल, कपाटं, नकाशांच्या गुंडाळ्या, जमिनीवर पुस्तकांचे ढीग, हे सगळं ठीक होतं. पण खोलीच्या मधोमध, खिडकीकडे पाय करून, हा पलंग. वर धुतलेली चादर, एक सुरकुती नाही.

"इथे कोण झोपतं?"

"कोणी नाही." त्याने टेपचं टोक सोडलं नव्हतं. "आजारपणात तिला इथे हलवलं होतं. मी लिहीत बसलो की तिला दिसायचो."

काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. हिशेबनीस पोटरी चोळू लागली. तिची सगळी गिऱ्हाइकं अशीच, ना मालक ना नोकर: कोणी अनुवादक, कोणी छायाचित्रकार, कोणी बासरी शिकवणारा. एकजात हिशेबाला आंधळी. पावत्या म्हणून सिनेमाची तिकिटंसुद्धा आणून द्यायची. त्यांत हा एकच माणूस पावत्या तारीखवार लावायचा आणि प्रत्येकीवर मूळ प्रत की नक्कल हेही लिहायचा. तिला त्याचं कौतुक होतं, आणि वैतागही तितकाच. या माणसापुढे नियम मोडायची सोय नव्हती, वाकवायचीही नव्हती.

नियम साधा होता. जी खोली फक्त कामासाठी वापरली जाते, तिचं भाडं खर्चात धरता येतं. कराचं नवं वर्ष नुकतंच लागलं होतं. काकूंच्या दुखण्यात दोन वर्षं त्याच्या हाताला काम नव्हतं, होतं नव्हतं ते औषधांत गेलं. आता एका कापड गिरणीच्या इतिहासाचं सगळं मानधन या एकाच वर्षात यायचं होतं. खोली खर्चात धरली तर कर जेमतेम झेपणार होता. नाही तर भाड्यालाच काही उरणार नव्हतं आणि घर सोडावं लागणार होतं.

"काका, पलंग मी पाहिलाच नाही," ती म्हणाली. "मापं लिहिते, तुम्ही हमीच्या कागदावर सही करा. मी चालले."

"असं नका म्हणू, बाई. ज्यांनी पाहिलं आणि लिहिलं नाही, अशाच माणसांच्या मागे मी जन्मभर फिरलो."

"अहो, शंभर वर्षांनी तुमचे कराचे कागद कोण वाचणार आहे?"

"मी वाचतो की लोकांचे. त्यावरच तर जेवतो."

ती हसली. तोही हसला, आणि हसता हसता त्याची नजर चादरीवर गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं खरं. पण कोणी तरी बोलायला हवं होतं, आणि खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "घरच गेलं तर हा पलंग कुठे नेणार?"

टेप खाली ठेवून त्याने चादर काढली, टोकाला टोक जुळवून तिची घडी घातली, उशी तिच्यावर ठेवली. दोघांनी गादी उचलली, मग पलंग. दारात एक पाय अडकला तेव्हा "सांभाळून, सांभाळून" असं तो पलंगालाच म्हणाला. बाहेरच्या खोलीत त्यांनी तो भिंतीशी उभा केला.

परत येऊन त्याने जमीन झाडली. टेपचं टोक पुन्हा भिंतीला धरलं. आता टेप सरळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, मध्ये काहीच आलं नाही. तिने माप लिहिलं. 'ही खोली फक्त कामासाठी वापरली जाते,' हे वाक्य त्याने टेबलाशी बसून दोनदा वाचलं, सही केली आणि खाली आजची तारीख घातली.

"झालं, काका. सुटलात." तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. "जरा खिडकी उघडता? धुळीने घसा धरलाय."

तो खुर्चीवरून उठला. खिडकीपर्यंतची वाट आता मोकळी होती. पण तो कपाटाच्या कडेने निघाला. अंग चोरून, तिरका होऊन, पाय न वाजवता. जिथे पलंगाचा कोपरा असायचा तिथे त्याने धोतराचा सोगा सवयीने आवरून धरला आणि वळसा घातला. खिडकीची कडी त्याने इतक्या हलक्या हाताने काढली की तिचा आवाजच झाला नाही.

मग तो मागे वळला. मोकळ्या जमिनीपलीकडे हिशेबनीस हातात कागद धरून त्याच्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आपण आलो त्या वाटेकडे पाहिलं.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "तारीख खरी आहे. पलंगही बाहेर आहे."

"हो, काका."

"आणि जन्मभर मी, एवढं जुळलं की कागद खरा मानत आलो."