खोलगट पट्टी
पप्पा गेल्यापासून शिरूरच्या चर्चमध्ये त्यांची इलेक्ट्रिक गिटार मी वाजवते आणि दर रविवारी ती बेसूर लागते. एका मोठ्या वादकाच्या नावाने निघालेल्या गिटारची नक्कल म्हणून तिच्या पट्टीवरच्या धातूच्या पडद्यांमधलं लाकूड पप्पांनी स्वतः कानशीने खोलगट केलं होतं. तिथेच बिघडली असणार, म्हणून ती देऊन कंपनीची खरी घ्यायला दौंडला आले. दुकानात तशाच खोलगट पट्टीची नवी वाजवली, तर तीही बेसूर. दुकानदार मामा म्हणाले, “ताई, गिटारीत खोट न्हाई. तुमी लई दाबताय. तार हाय ती, बैलाची वेसण न्हाई. खाली खोल हाय, जोरानं सूर चढतो. नुसतं टेकवा.” मी पप्पांची गिटार मांडीवर घेतली. पप्पांची कानस घसरल्याची खूण असलेल्या पाचव्या पडद्यापाशी बोट अलगद टेकवलं. सूर नेमका लागला. “मग कुठली ठरली?” मामांनी विचारलं. माझं बोट उचलेना.