मोटेचं भोक
माझ्या लेकाने, शेषरावाने, बडनेऱ्याच्या कापसाच्या जिनातलं जुनं डिझेलचं इंजिन विहिरीवर बसवलं, डोक्यावर साहेबी टोपी चढवली आणि चामड्याची मोट गोठ्यात फेकली. उन्हाळ्यात इंजिनाच्या सांध्यातलं वायसर (वॉशर) जळालं आणि पाण्यावाचून संत्र्याची कलमं माना टाकू लागली. “अकोल्याचा मिस्त्री बोलाव,” मी म्हटलं. “मिस्त्रीले काय शिंगं हायेत, बाबा? मीच बसवतो.” गोठ्यातून त्याने चामड्याचा तुकडा आणला, त्याचं वायसर बसवलं आणि इंजिन फिरवलं. ते थोडं खोकलं आणि जळक्या चामड्याचा धूर ओकून कायमचं गप्प झालं. “जाऊ द्या, मोटच जुपू,” तो म्हणाला. मी मोट आणली आणि चामडं कापून त्यानेच पाडलेल्या भोकातून हात बाहेर काढून दाखवला. “टोपी दे,” मी म्हटलं. “कायले?” “तुह्या डोक्यावर तिचा काही उपेग झाला नाई. या भोकात तं कामी येईन.”