आईची मंजुरी

"आई, आता तरी मंजूर कर गं!" ऋजुता खुर्चीत बसल्या बसल्याच नाचत होती.

ज्याच्या शरीरात यंत्र, त्यानेच त्याचा कोड तपासून मंजूर करायचा, असा कायदा होता. मंदाताईंच्या घशात कृत्रिम स्वरयंत्र बसवून झालं होतं, पण कोड लिहिणाऱ्या लेकीला त्या सारख्या परत पाठवत होत्या. स्वतः जन्मभर प्रोग्रॅमर! बोलता येत नव्हतं, म्हणून ओळीओळीखाली शेरे टाईप करायच्या: 'आळशीपणा.' 'हे कोणाला कळणार?'

आज अखेर त्यांनी बटण दाबलं. मंजुरी मिळताच सर्व्हरवरची स्क्रिप्ट, म्हणजे ऋजुताने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम, आपोआप सुरू होऊन आवाज चालू करणार होती. दोघी श्वास रोखून बसल्या.

काहीच झालं नाही.

ऋजुताने सर्व्हर उघडला आणि कपाळावर हात मारला. स्क्रिप्ट जागेवर होती, पण सर्व्हरवर तिला चालण्याची परवानगी देणंच ऋजुताकडून राहून गेलं होतं! तिने ती लगेच दिली. पण स्क्रिप्ट जागी व्हायची ती मंजुरीच्या क्षणी, आणि तो क्षण तर निघून गेला होता.

"परत दाब, आई!"

मंदाताईंनी डोळे वटारले, मंजुरी काढून घेतली आणि पुन्हा दिली.

"एवढं..." आवाज घोगरा होता, पण त्यांचाच होता. "एवढं साधं विसरतेस? वेंधळी कुठली!"

ऋजुता हसता हसता रडायला लागली.

"परत म्हण ना, आई."