भैय्याजींची पुडी

पुष्पलतानं पुडीतली राखाडी पूड सिंकमध्ये ओतली, नळ सोडला आणि रिकाम्या कागदात आपल्या डब्यातलं मिश्रण भरलं. सुंठ, थोडी मेथी, कडवटपणासाठी चिमूटभर कडुनिंब. घड्या होत्या तशाच पाडल्या. तिसावी पुडी बांधून झाली तेव्हा कुकरची शिट्टी झाली.

"कुठं राहिली वं माही पुडी?" बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी, हाक मारली.

"आणली, आई."

सुभद्राबाईंनी पूर्वेकडे तोंड करून पुडी जिभेवर टाकली, वर कोमट पाणी प्यायल्या.

"आज जरा वेगळीच लागली."

"नवीन आणली ना यांनी. ताजी आहे."

भैय्याजी उमरेडच्या अलीकडे झाडपाल्याचं औषध देत. उभी हयात हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्यानं सुभद्राबाईंचे गुडघे कामातून गेले होते. वर्षापूर्वी त्यांनी पहिली पुडी घेतली आणि आठवड्याभरात सक्करदऱ्याच्या तलावाला फेरी मारून आल्या. भूक वाढली, चेहरा गोल गरगरीत झाला. शेजारणींना त्यांचा हेवा वाटायला लागला. पुष्पलताचा नवरा रजत तर भैय्याजींचा भक्तच झाला. दर महिन्याला मोटरसायकल काढून पुड्या तोच आणायचा.

पुष्पलता चौदा वर्षं मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर उभी होती. असल्या पुड्यांपायी किडन्या गमावलेली माणसं तिनं डोळ्यांनी पाहिली होती. त्यात सासूबाईंना बीपीची गोळी चालू, आणि डॉक्टरांसमोर त्या पुडीचा चकार शब्द काढत नसत. तिनं हातापाया पडून सांगून पाहिलं.

"दोन वर्षं तुह्या गोळ्या खाल्ल्या," सुभद्राबाई गुडघ्यांवर थाप मारत म्हणाल्या, "टोंगळे जागचे हालले नाही. आता चालून राहिली, तं तुले पाहवत नाही काय?"

हे तिला फार लागलं. तिची आई ती आठवीत असतानाच गेली होती. दोन्ही बाळंतपणं केली ती या बाईनं. त्यांना असं डोळ्यांदेखत जाऊ द्यायला ती तयार नव्हती.

म्हणून पुड्या बदलल्या. कुणाला न सांगता. डॉक्टरांना एकदा विचारावं असं मनात आलं होतं, पण चौदा वर्षं औषधं विकणाऱ्या बाईनं एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाचं दार काय ठोठावायचं? बीपीची गोळी मात्र ती वेळेवर देत राहिली.

तीन-चार दिवस काही झालं नाही. मग गुडघे पुन्हा धरले. ते होणारच होतं. मग जेवण कमी झालं, उलट्या सुरू झाल्या. सुभद्राबाई दुपारभर आडव्याच असायच्या. चेहऱ्यावरची सूज मात्र ओसरत होती, आणि ते पाहून पुष्पलताला बरं वाटायचं. एवढं वर्षभराचं विष अंगातून निघायचं म्हणजे त्रास होणारच, असं ती मनाशी म्हणायची.

"पुडी देऊन राहिली ना आईले?" रजतनं विचारलं.

"रोज देते."

"काहून अशी थकून राहिली मग?"

"वय झालं आता."

आठव्या दिवशी सुभद्राबाईंनीच तिचा हात धरला. "जीवच नाही राहिला वं अंगात. आज दोन पुड्या दे."

पुष्पलतानं दोन दिल्या.

दहाव्या दिवशी सकाळी पुडी घेऊन त्या मेथी निवडायला बसल्या आणि बसल्या जागी कलंडल्या. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत हातपाय गार पडले होते. सलाइनवर सलाइन लावलं, तरी बीपी वर येईना. तेव्हा कुठं रजतनं पुडीचं सांगितलं. पुष्पलताला मोठाच धीर आला. आता निदान डॉक्टरच त्याला दोन शब्द सुनावतील.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण शांत होत्या. त्यांनी दोघांना बाजूला घेतलं.

"या पुड्यांत बऱ्याचदा झाडपाला नावालाच असतो. स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात. गुडघे चार दिवसांत मोकळे होतात, चेहरा भरतो. पण वर्षभर घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरतं. मग ते एकदम तोडलं तर माणूस असाच कोसळतो."

पुष्पलतानं भिंतीला हात टेकला.

"त्यावर लगेच देण्यासारखं औषध आहे माझ्याकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पुडी चालूच असेल, तर कारण दुसरं आहे आणि मला तिकडे धावावं लागेल. दोन्हीला वेळ नाही. म्हणून नीट आठवून सांगा. मध्ये पुडी बंद केली होती का?"

"नाही, मॅडम," रजत ठामपणे म्हणाला. "एक दिवस खंड नाही. आज सकाळचीही घेतली. हिनंच आपल्या हातानं दिली, विचारा हिले."