पंखावर उमटलेलं

"श्वास रोखा काकू, उडालं की खवले झडायला लागतात," श्रीरंगने बजावलं आणि कॅमेऱ्याचं भिंग फुलपाखराच्या अगदी जवळ नेलं.

लिंबाच्या फांदीवर, रिकाम्या कोशाला धरून ते पंख वाळवत होतं. कोशात असताना भोवती झालेले आवाज पंखांवरच्या खवल्यांत उमटतात, हे एव्हाना पोरासोरांनाही ठाऊक झालं होतं. आणि हा कोश फांदीवर होता तेव्हा गोदाकाकूंचे यजमान, कीर्तनकार बुवा, हयात होते.

आजारपणात बुवांनी देवाचं नाव टाकलं. दिवसभर याच लिंबाखाली तोंड मिटून बसायचे. देवावर रुसूनच माणूस गेला, या विचाराने काकूंना घास गिळवत नव्हता.

फोटो पडद्यावर आला. काळ्या-पिवळ्या खवल्यांच्या, कौलांसारख्या रचलेल्या ओळी पाहून काकूंचे हात आपोआप जुळले. "केवढं रे हे कोरीव काम!"

श्रीरंगने त्या ओळींचा आवाज लावला. आधी पानांची सळसळ आली, मग एक कावळा, आणि मग बसक्या गळ्यातून, हळूच, "जय जय रामकृष्णहरी."

"अगं बाई!" काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "आम्हाला मौन, आणि लिंबाला कीर्तन होय!"

तेवढ्यात आवाज थांबला.

"बिघडलं वाटतं," श्रीरंग पुटपुटला.

"बिघडलं नाही रे. मागच्यांनी ओळ उचलावी म्हणून थांबलेत ते."

जन्मभर बुवांच्या मागे टाळ घेऊन उभ्या राहिलेल्या काकूंनी ओळ उचलली. ती संपली, तसा पंखातून बुवांनी पुन्हा गळा उघडला.