फुकटची झाडलोट

माद्रिदच्या त्या गल्लीत अनसेल्मोचा बार धो धो चालायचा. खाली कोळंबीची टरफलं, ऑलिव्हच्या बिया आणि चुरगाळलेल्या कागदी रुमालांचा नुसता खच. समोर फेलिसाच्या नव्या बारची फरशी मात्र लख्ख. लोक डोकावायचे, फरशीवर कचरा नाही बघून "इथे कुणी खात नाही वाटतं," म्हणत अनसेल्मोकडे वळायचे.

"बसून बसून कंटाळा येतो. तुमचं झाडून देत जाऊ?" फेलिसाने विचारलं. अनसेल्मोने मिशीत हसत झाडू दिला.

महिन्याभरात त्याचीच गिऱ्हाइकं समोर जायला लागली. न राहवून तोही गेला. गर्दीत पायाखाली आलेला रुमाल त्याने उचलून उलगडला. त्यावर त्याच्याच बारचं नाव!

"टाका तो खाली, अनसेल्मोशेठ," फेलिसा आतून ओरडली, "उगाच माझी फरशी स्वच्छ करू नका!"