मागच्या रविवारचा डाव

डिस्कवर नऊ मिनिटांच्या रेकॉर्डिंगपुरती जागा उरली होती आणि बाबांचा डाव संपायला अजून बारा मिनिटं तरी हवी होती.

लेकीने आकडा पुन्हा पाहिला. पुन्हा पाहिल्याने आकडे बदलत नाहीत, तसा हाही बदलला नाही. मागे खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते, हातात तळहाताएवढा जुना व्हिडिओगेम. त्यातून निघालेली वायर तिच्या कॉम्प्युटरला जोडलेली. पडद्यावर विटा पडत होत्या, ओळी भरत होत्या, नाहीशा होत होत्या. एकशे ब्याण्णव ओळी झाल्या होत्या. या खेळाच्या विक्रमांची दरवर्षी यादी निघते, तिच्यात साठीपुढच्या खेळाडूंमध्ये पहिल्या नंबरावर जो कोणी ठाण मांडून बसला होता, त्याच्या दोनशे एक्याण्णव.

बोलायची सोय नव्हती. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आणि हातात काम असताना हाक मारलेली त्यांना कधी खपली नाही. घराला आग लागली तरी आधी विझवा आणि मग मला सांगा, असा त्यांचा खाक्या. त्यात डावा अंगठा. गेले सहा महिने तो मधूनच थरथरायला लागायचा, आणि हे वाढतच जाणार असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आज तो शांत होता. असा दिवस आता महिन्यातून एखादाच यायचा.

चूक तिची होती. लग्नांचे व्हिडिओ कापता-जोडताना तिची दहा वर्षं गेली होती, म्हणून कोडेक, म्हणजे व्हिडिओ साठवायची पद्धत, निवडायचं काम बाबांनी डोळे झाकून तिच्यावर सोपवलं. तिनेही मन लावून निवडला. नेहमीचा कोडेक फाइल लहान करण्यासाठी बारीकसारीक तपशील गाळतो. लग्नात ते नवऱ्या मुलीच्याही लक्षात येत नाही. पण या यादीसाठी पाठवलेलं रेकॉर्डिंग पंच एकेक चित्र थांबवून बघतात. तिने मग काहीच न गाळणारा कोडेक घेतला. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पण हाताला सवय लग्नांची. तिने चित्र आधी मोठ्या पडद्याच्या मापाचं केलं आणि मग रेकॉर्डिंगला लावलं. मूळ चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्या तिकिटापायी ती डिस्कवर डोंगर रचत होती, आणि बाईसाहेबांना ते आत्ता कळत होतं.

मधेच थांबवून माप बदलायचं तर रेकॉर्डिंग तुटणार, आणि तुटलेलं रेकॉर्डिंग पंच परत पाठवतात. सात मिनिटं.

डिस्कवर दोनच मोठ्या गोष्टी होत्या, आणि हलवायला दुसरी डिस्क हाताशी नव्हती. एक कोणा परक्यांचं लग्न. त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. दुसरा, मागच्या रविवारचा डाव. बाबांच्या दोनशे चौऱ्याऐंशी ओळी, सध्याच्या दुसऱ्यापेक्षा दोन जास्त, म्हणजे यादीत दुसरा नंबर नक्की. बाबा तेव्हाच पाठवायला निघाले होते. पण एका माणसाकडून वर्षाला एकच डाव घेतात, म्हणून तिनेच त्यांना अडवलं. मुदतीला अजून आठवडा आहे, तुम्ही पहिले याल, म्हणाली. तो आठवडा आज संध्याकाळी सहाला संपत होता.

तो डाव ठेवला तर आजचा अर्ध्यात तुटणार. पुसला आणि आज बाबा चुकले, तर हातचा दुसरा नंबरही जाणार. चार मिनिटं. दोनशे चाळीस ओळी.

तिने वळून पाहिलं. बाबांनी जिभेचं टोक दातांत धरलं होतं. अंगठा नेमका पडत होता, ना आधी, ना नंतर. सहा महिन्यांत तिने त्यांना एवढं स्वस्थ पाहिलं नव्हतं.

कायमचं पुसायचं का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिने हो म्हटलं.

जागेचा आकडा एकदम वर गेला. पुसलेल्या जागेवर आता आजचा डाव लिहिला जात होता. मागे फिरायची वाट बंद झाली. ती गुडघ्यांवर हात घट्ट दाबून बसली. दोनशे साठ. दोनशे सत्तर. विटा आता डोळ्याला धड दिसतही नव्हत्या. दोनशे ऐंशीला तिने श्वास रोखला. पुढच्या ओळीनंतर एक वीट एक घर बाजूला पडली. मग आणखी एक. दहा सेकंदांत ढीग वरपर्यंत गेला.

बाबांनी खेळ मांडीवर ठेवला. अंगठा थरथरत होता. त्यांनी तो दुसऱ्या मुठीत धरला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "मागच्या रविवारचा आहेच. तोच पाठवून दे."

थाप मारायला तिला दोन-तीन वाटा सुचल्या. एकही धड नव्हती.

"बाबा, तो मी पुसला. जागा संपत आली होती."

"कधी?"

"आत्ताच. तुमच्या दोनशे चाळीस झाल्या होत्या तेव्हा."

मग तिने कोडेकचं सांगितलं, मापाचं सांगितलं, सगळा दोष एका दमात स्वतःच्या पदरात घेतला. बाबा ऐकत होते की नाही कोण जाणे. ते रिकाम्या पडद्याकडे बघत होते. गेल्या सहा महिन्यांत, सांडेल म्हणून, घरात कोणी त्यांच्या हातात काठोकाठ भरलेला कप दिला नव्हता. तिनेही नाही.

"म्हणजे दोनशे चाळीसला तुला वाटलं," ते सावकाश म्हणाले, "की आज मी जिंकतोय."